पित्त नव्हे, अर्धशिशी

चिपळूण तालुक्यातल्या कुठल्याही गावात, डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडलेल्या बाईला काय होतंय असं विचारलं, तर बहुधा एकच उत्तर मिळतं: पित्त झालंय. पोफळीतही तेच. सकाळी कपाळाची एक बाजू ठणकायला लागते. उजेड नकोसा होतो. शेजारी कुणी सुकट भाजली की त्या वासाने पोट ढवळतं. दुपारपर्यंत उलटी होते, कडू पिवळं पाणी पडतं, आणि मग कधीतरी डोळा लागतो. उठल्यावर डोकं हलकं झालेलं असतं. पित्त पडलं, डोकं थांबलं. डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट खोटी कशी म्हणायची?

घडतं ते खरंच आहे. त्याचा लावलेला अर्थ मात्र चुकतो, आणि त्या चुकीपायी असंख्य माणसं वर्षानुवर्षं पोटाची औषधं घेत राहतात, दही-लिंबू-आमसूल सोडतात आणि तरीही महिन्यातून चार दिवस अंथरुणाला खिळतात. वर सांगितलेलं दुखणं अर्धशिशीचं, म्हणजे मायग्रेनचं आहे. हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आजार आहे. पोट त्यात ओढलं जातं, पण सुरुवात तिथून होत नाही.

पित्ताची ही समजूत आयुर्वेदातून आली असं आपण धरून चालतो. प्रत्यक्ष ग्रंथ पाहिले तर वेगळंच दिसतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतला अर्धावभेदक ही आपली अर्धशिशी. डोक्याच्या अर्ध्या भागात फुटल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना, सोबत भोवळ, आणि पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अवचित पुन्हा उठणारं दुखणं, असं त्याचं वर्णन आहे. पुन्हा पुन्हा येण्याचा हा गुण त्या काळी कुणीतरी इतक्या बारकाईने टिपून ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि कारण? सुश्रुत ते तिन्ही दोषांत शोधतो. चरक वाताकडे, किंवा कफासह वाताकडे बोट दाखवतो. एकट्या पित्तावर खापर दोघांपैकी कुणीच फोडत नाही.

आजचे डॉक्टर अर्धशिशी ओळखतात तीही मुख्यतः लक्षणं ऐकूनच. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये ती दिसत नाही. उपचार न घेता ४ ते ७२ तास टिकणारं दुखणं, बहुधा एका बाजूला, नाडीसारखं ठणकणारं, काम थांबवायला लावण्याइतकं तीव्र, जिना चढला, वाकून केर काढला तरी वाढणारं. काळ सोडून यांतल्या निदान दोन खुणा, आणि सोबत मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही असह्य होणं. असे पाच झटके येऊन गेले असतील आणि दुसरं काही कारण सापडत नसेल, तर निदान पक्कं धरतात. दुखणं दोन्ही बाजूंना असलं तरी ते मायग्रेन असू शकतं, हे मुद्दाम सांगतो. केवळ ‘अर्धं’ नाही म्हणून निदान हुकलेले रुग्ण पुष्कळ असतात.

हा आजार विरळा मुळीच नाही. जगात साधारण सात माणसांमागे एकाला तो असतो. बंगळूर शहरात आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात सुमारे २५ टक्के प्रौढांना मायग्रेन झाल्याचं आढळलं, आणि खेड्यांतलं प्रमाण शहरापेक्षा जास्त निघालं. शहरी धकाधकीचा आजार म्हणून ज्यांना तो परका वाटतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. बायकांमध्ये तो पुरुषांच्या जवळपास तिप्पट. वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्यात असा फरक नसतो. पाळी सुरू झाली की तो दिसू लागतो.

आता आत काय घडतं ते पाहू. मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना जाणवत नाही. वेदना जाणवते ती मेंदूवरच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना, आणि ती वाहून नेतो ट्रायजेमिनल नावाचा मोठा मज्जातंतू, जो कपाळ, डोळा, गाल आणि जबडाही सांभाळतो. म्हणून दुखणं डोळ्यामागे, कानशिलात, कधी दातांतही जाणवतं. या मज्जातंतूची टोकं चेतवली गेली की त्यांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं. ते रक्तवाहिन्या फुगवतं आणि वेदनेची वाट अधिक हळवी करतं. १९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेच्या शिरेतलं रक्त तपासून हे रसायन वाढलेलं दाखवलं. या आणि अशाच कामासाठी २०२१ चा ब्रेन प्राइझ या दोघांना, मायकेल मोस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांच्यासह मिळाला. रक्तवाहिन्या फुगल्या की डोकं दुखतं, एवढीच जुनी समजूत होती. आता मज्जातंतू आधी आणि रक्तवाहिन्या मागाहून, असा क्रम लावला जातो.

काही रुग्णांना डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकती नागमोडी रेघ दिसते. ती हळूहळू पसरत जाते, तिच्या मागे अंधूक डाग उरतो, वीस-पंचवीस मिनिटांत सगळं विरतं आणि मग ठणका सुरू होतो. याला ऑरा म्हणतात. कार्ल लॅश्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाला स्वतःला ही रेघ दिसायची. तिची चित्रं काढून १९४१ मध्ये त्याने हिशोब मांडला, की मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे. तीनच वर्षांनी आरिस्तिदेस लेआंव या ब्राझिलियन संशोधकाने सशाच्या मेंदूवर प्रयोग करताना जवळपास त्याच वेगाने सरकणारी, पेशींना तात्पुरतं गप्प करणारी लाट पाहिली. एकाने कागद-पेन्सिलीने जे ताडलं ते दुसऱ्याला प्रयोगात सापडलं. वैद्यकाच्या इतिहासात इतकी सुरेख गाठ क्वचितच पडते.

झटका त्याहीआधी सुरू झालेला असतो. आदल्या दिवशी जांभया येतात, चिडचिड होते, मान आखडते, काहीतरी गोड किंवा आंबट खावंसं वाटतं. ही मेंदूत सुरू झालेल्या बदलांचीच चिन्हं. मान आखडली म्हणून मणक्याचा एक्स-रे काढला जातो. आंबट खाल्लं म्हणून डोकं उठलं असं वाटतं, तेव्हा कित्येकदा झटका आत सुरू झाला होता म्हणूनच आंबट खावंसं वाटलेलं असतं. चिंच-कैरीला उगाच दोषी धरलं जातं ते इथे.

आणि पोट? झटक्यात जठराची हालचाल मंदावते. खाल्लेलं पुढे सरकत नाही, मळमळतं, शेवटी उलटी होते. झटका ओसरायला आला की उलटी होऊन किंवा झोप लागून तो संपतो. बाहेर पडलेलं कडू पाणी हा झटक्याचा परिणाम असतो. म्हणून बोटं घालून मुद्दाम उलटी काढण्याने आजाराला हात लागत नाही. शिवाय मंदावलेल्या पोटात उशिरा घेतलेली गोळी तशीच पडून राहते, हेही इथे कळतं.

मूळ कारण आणि निमित्त या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. मूळ कारण बहुतांशी वारशाने आलेला हळवा मेंदू. आईला, आजीला ‘पित्ताचा त्रास’ होता असं निम्म्याहून अधिक घरांत ऐकायला मिळतं. तो काय होता ते आता उमगतं. निमित्तं मात्र रोजच्या जगण्यातली असतात. झोप कमी होणं, किंवा जास्त होणं. जेवणाची वेळ टळणं. पाणी कमी पडणं. ऊन. उग्र वास. पाळीच्या आसपास इस्ट्रोजेन उतरणं. ताण, आणि ताण संपल्यावरचा मोकळा दिवससुद्धा.

पोफळीत ही यादी जिवंत होते. सह्याद्रीच्या पायथ्याचं हे गाव. डोंगराच्या पोटात कोयनेचं भूमिगत वीजगृह आहे. अशा ठिकाणी पाळ्यांत काम चालतं, आणि आठवड्याआठवड्याला झोपेची वेळ बदलणं हे अर्धशिशीचं ठरलेलं निमित्त. गावावरून गुहागर–विजापूर रस्ता कुंभार्ली घाट चढून कराडकडे जातो. ज्याला त्या वळणांवर गाडी लागते त्याला मायग्रेन असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. लहानपणी गाडी लागणारी मुलं पुढे अर्धशिशीचे रुग्ण होतात असंही पुष्कळदा दिसतं. पावसाळ्यात कोंदट घरात चुलीचा धूर साचतो. ऑक्टोबरच्या उन्हात भातकापणी चालते, तेव्हा डोक्यावर सावली नसते आणि पाण्याची बाटली बांधावर राहिलेली असते.

महाराष्ट्रातल्या एका निरीक्षणाची इथे आठवण करून द्यायला हवी. मुंबईत डोकेदुखीचं स्वतंत्र क्लिनिक चालवणारे डॉ. के. रविशंकर यांच्या लक्षात आलं, की काही स्त्रिया ‘न्हायलं की डोकं उठतं’ असं सांगतात. पाश्चात्त्य पुस्तकांत हे निमित्त नव्हतंच. त्यांनी आपल्या सुमारे १५०० मायग्रेन रुग्णांतल्या अशा ९४ जणांची निरीक्षणं २००६ मध्ये ‘सेफलाल्जिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली. लांब केस, डोक्यावरून अंघोळ, ओले केस तसेच बांधणं हे आपल्याकडचं रोजचं वास्तव आहे, म्हणून ते आपल्याच डॉक्टरला दिसलं. आपल्या आज्या ‘ओल्या केसांनी फिरू नको, डोकं धरेल’ असं सांगत, ते अनुभवाचे बोल होते. अशा बाईने उपाशीपोटी न्हाऊ नये, केस लगेच पुसून कोरडे करावेत. ज्यांना न्हाण्याचा हमखास त्रास होतो, त्यांनी आधी एखादी गोळी घ्यावी की नाही ते डॉक्टरांना विचारावं.

एखादं निमित्त एकटं आलं तर पुष्कळदा निभतं. नुसत्या पावसाने चिपळूणची बाजारपेठ बुडत नाही, नुसत्या भरतीनेही नाही; मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की वाशिष्ठी पात्र सोडते. अर्धशिशीचं गणित तसंच आहे. आता हरतालिकेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी डोक्यावरून अंघोळ, दिवसभर निर्जळी, उदबत्ती-धुपाचा वास, रात्री जागरण. दुसऱ्या दिवशी गणपती. मुंबईहून चाकरमानी आलेले, घर भरलेलं, उकडीचे मोदक वाफवायचे, चुलीपुढून हलायला उसंत नाही. सगळी निमित्तं चोवीस तासांत येऊन ठेपतात, आणि आरतीच्या वेळी घरातली बाई आतल्या खोलीत डोक्याला फडकं बांधून पडलेली असते. ‘सणासुदीला हिचं नेहमीचंच’ असं कुणी म्हणालं, तर तो तिच्यावर अन्याय आहे. तिला मी एवढंच म्हणेन, की निर्जळीऐवजी पाणी आणि फळं घेऊन उपास करा. आजारी माणसाला व्रतात सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती सूट मागायला संकोच कशाला?

पित्ताइतकाच फसवणारा दुसरा शब्द सायनस. मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, गालावर दाब जाणवतो, म्हणून लोक वाफ घेत बसतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, सायनसने डोकं दुखतं असं स्वतः सांगणाऱ्या सुमारे ३००० जणांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. चष्म्याचा नंबर वाढल्यानेही असं झटक्याझटक्याने, उलटीसह दुखत नाही.

उपचारांकडे वळू. पहिला नियम, औषध लवकर घ्यावं. ठणका सुरू होताच, अर्ध्या-पाऊण तासाच्या आत, पुरेशा मात्रेत घेतलेली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन पुष्कळांना पुरते. ‘बघू, सहन होतंय तोवर’ म्हणत दुपारी घेतलेली तीच गोळी वाया जाते. सोबत डॉमपेरिडोनसारखं मळमळीचं औषध डॉक्टर देतात, त्याने पोटही हलतं. जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आयबुप्रोफेन गटातल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

या गोळ्यांनी भागत नसेल तर ट्रिप्टान गटातली औषधं आहेत. त्यातलं पहिलं, सुमाट्रिप्टान, ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हम्फ्री यांच्या चमूने घडवलं आणि १९९१ मध्ये ते बाजारात आलं. त्याआधी भिस्त होती ती अर्गोटामीनवर. राय या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीतून हे द्रव्य १९१८ साली बाझलमध्ये आर्थर स्टोल यांनी वेगळं केलं. कॅफीन आणि पॅरासिटामॉलसोबत ते आजही आपल्या मेडिकलच्या दुकानांत मिळतं. ट्रिप्टान आणि अर्गोटामीन दोन्ही रक्तवाहिन्या आकसवतात. हृदयविकार किंवा काबूत नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी ती घ्यायची नाहीत, गरोदरपणी अर्गोटामीन तर मुळीच नाही.

सर्वांत कळकळीने सांगायचं ते यापुढचं. डोकेदुखीवरची औषधंच डोकेदुखी वाढवतात. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान, अर्गोटामीन किंवा मिश्रणाच्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, की मेंदू अधिकच हळवा होतो आणि महिन्यातून चारदा दुखणारं डोकं रोज दुखू लागतं. मग रोज गोळी, आणि गोळीमुळे पुन्हा रोज डोकं. दुकानातून सुट्या मिळणाऱ्या, भावाने वहिनीला आणि शेजारणीने शेजारणीला सुचवलेल्या गोळ्यांनी किती घरांत हे चक्र सुरू झालं असेल! त्यातून बाहेर पडताना गोळ्या थांबवल्यावर काही दिवस त्रास वाढतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं. पण त्यातून बाहेर पडता येतं, हे निश्चित.

महिन्यातून चार किंवा त्याहून जास्त दिवस वाया जात असतील, तर झटके मुळातच कमी करणारी रोजची औषधं लागतात. प्रोप्रॅनोलॉल हे मूळचं हृदयाचं औषध. छातीतल्या दुखण्यासाठी ते घेणाऱ्या रुग्णाची अर्धशिशी कमी झाल्याचं १९६० च्या दशकात ध्यानात आलं. दमेकऱ्यांना मात्र ते चालत नाही. ॲमिट्रिप्टिलीन रात्री अगदी कमी मात्रेत देतात. ते मानसिक आजारासाठीही वापरलं जातं, म्हणून चिठ्ठीतलं नाव कळल्यावर ‘मला काय वेड लागलंय?’ असं म्हणून ते टाकून देणारे रुग्ण असतात. इथे ते वेदनेच्या वाटा शांत करण्यासाठी असतं. टोपिरामेट आणि फ्लुनारिझीनही वापरात आहेत. व्हाल्प्रोएट गर्भाला घातक असल्याने मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रियांनी टाळायचं. यांपैकी कुठलंही औषध आठ दिवसांत गुण दाखवत नाही; सहा-आठ आठवडे नेमाने घ्यावं लागतं, आणि झटके निम्म्यावर आले तर उपचार लागू पडला असं मानतात. यातल्या बऱ्याच गोळ्या स्वस्त आहेत. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायला हवंच असं नाही. कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे, डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. चिपळुणातला अनुभवी फिजिशियनही ती सुरू करू शकतो. महिन्यातले निम्मे दिवस डोकं दुखणाऱ्यांसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, आणि २०१८ पासून थेट सीजीआरपीची वाट अडवणारी इंजेक्शनंही आली आहेत. ती महाग आहेत, आणि सहसा आधीचे उपाय फसल्यावरच त्यांचा विचार होतो.

सुंठ उगाळून लावलेला लेप, कपाळावरची थंड पट्टी, घट्ट बांधलेलं फडकं यांनी बरं वाटत असेल तर जरूर करावं. लवकर घेतलेल्या औषधाशी त्यांचं वैर नाही. सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खाण्याच्या उपायामागे रात्रभरचं उपाशी पोट मोडणं एवढंच असावं, असं मला वाटतं. मधुमेह्यांनी तो करू नये.

ज्या स्त्रियांना चमकती रेघ दिसते, त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. सणासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही डॉक्टरांना अर्धशिशीबद्दल सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

काही वेळा मात्र अर्धशिशी समजून घरी थांबायचं नाही. क्षणार्धात कमाल तीव्रतेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि ताठ मान. हातपाय लुळे पडणं, बोबडं बोलणं, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यानंतर, बाळंतपणाच्या आगेमागे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलं दुखणं: तेव्हा लगेच रुग्णालय गाठावं. आणि भातलावणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्या माणसाला तापासह डोकं दुखत असेल, पोटऱ्या दुखत असतील, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावं. रत्नागिरी जिल्ह्यात हा आजार होतो, आणि उशीर जीवावर बेततो.

निदानासाठी सर्वांत उपयोगी वस्तू बहुतेक घरांत भिंतीवर टांगलेली असते. कालनिर्णयच्या चौकटीत आपण दुधाचे रतीब मांडतो. चतुर्थी, एकादशी, अमावास्या त्यावर छापलेल्या असतात, म्हणजे उपास आपोआप नोंदलेले. त्यातच डोकं दुखलं त्या दिवशी एक ठिपका, गोळी घेतली तर एक फुली, पाळीच्या दिवशी एक गोल, न्हायलं तर एक रेघ, एवढं तीन महिने करावं. ठिपके महिन्याला चारपेक्षा जास्त निघाले, किंवा फुल्या दहाच्या घरात गेल्या, तर ती तीन पानं घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि ‘पित्त झालंय’ एवढ्यावर न थांबता वर दिलेली लक्षणं एकेक करून सांगा.